खिडकीखालची गारगोटी

फाटकाच्या आत चाळीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांचे कान जमिनीकडे लागले होते. पायरीजवळच्या पांढऱ्या खडीत बाबा उकिडवा बसला होता. हातात काचेची सुरई, अंगावर पांढरी कफनी आणि अत्तराचा घमघमाट असा, की पुढच्या रांगेतली माणसं शिंकत होती.

"साहेब, आहात ना?" बाबानं खडीला विचारलं आणि सुरई कलती केली.

खडी फसफसली. पांढरा फेस आला, बारीक चुरचुर ऐकू आली.

"आहेत! आहेत!" गर्दीत एकच गलका झाला.

आहेत म्हणजे या घरच्या काकूंचे यजमान. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि बाबाच्या म्हणण्याप्रमाणे ते हल्ली अंगणातल्या खडीत मुक्कामाला होते. काकू पायरीवर बसून, मान कलवून ऐकत होत्या. तीस वर्षं त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. परक्या माणसांना एकमेकांशी जोडून देण्यात सगळी नोकरी सरली आणि आता त्यांच्या स्वतःच्या घरातला फोन आठवडा आठवडा वाजत नव्हता.

ही खडी मीच विकलेली. मी दगडवाला. बागेत, अंगणात पसरायचे दगड वखारीत ठेवतो. दिवसभर त्यांच्यातच असतो आणि आजवर त्यांतला एकही माझ्याशी चकार शब्द बोललेला नाही. संध्याकाळी कुलूप लावून घरी जातो, तिथंही तेच. म्हणून परवा तीन गिऱ्हाइकं "बोलणारी खडी आहे का हो?" असं विचारत आली, तेव्हा खरं सांगतो, मला आधी हेवाच वाटला. मग संशय आला.

यजमान गेल्यावर त्यांनी जपलेली हिरवळ वाळली आणि काकूंना वाकून काही करवेना, तेव्हा त्यांनी मला बोलावलं होतं. मी नेहमीचं सांगितलं. झाडाखाली पांढरा दगड नको, पानांचे डाग पडतात. खाली काळं कापड अंथरा, नाहीतर तण वर येतं आणि खडी मातीत रुतते. थर चार बोटांचा, कडेला विटा. काकूंनी संगमरवराची खडी निवडली. "तिन्हीसांजेला उजळ दिसेल," त्या म्हणाल्या, "घरात कुणीतरी आहे असं वाटेल."

आणि तिथं मी माती खाल्ली. संगमरवर दोन पोती कमी पडला. पुन्हा खेप कोण घालणार? मी खिडकीखाली गारगोटी पसरून मोकळा झालो. तीही पांढरी, तीही तेवढ्याच आकाराची. कुणाला कळणार?

कळलं ते बाबाच्या सुरईला. खिडकीखाली पाणी ओतलं तर खडी ढिम्म. दुसरा असता तर तोंडावर पडला असता, पण हा गडी हजरजबाबी. "खिडकीपाशी साहेब 'नाही' म्हणतात," त्यानं जाहीर केलं, "आणि पायरीपाशी 'हो'." म्हणजे उत्तर साहेबांचं, पण कुठं ओतायचं ते बाबा ठरवणार!

आजचा प्रश्न होता, हे घर बाबाच्या मठाला द्यावं का? शिष्य कागद घेऊन उभा होता. आणि बाबा अर्थातच पायरीपाशी बसला होता.

खरं सांगायचं तर माझी लबाडीही चव्हाट्यावर येणार होती. पाय मागे ओढत होते. पण काकूंनी चष्मा पुसून पेन हातात घेतलं आणि मला राहवलं नाही.

"बाबा, तोच प्रश्न खिडकीखाली विचारा की," मी म्हणालो.

"तिथं साहेब रुसलेले असतात, बाळ."

"रुसलेले नाहीत. तिथं संगमरवरच नाही. गारगोटी आहे. काकूंना न सांगता मीच टाकली." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता. खिशातून मी संगमरवराचा खडा काढला. "हा आज सकाळी पोत्यातून काढलाय. याला यजमान नाहीत, बायको नाही. याच्यावर टाका तुमचं पाणी."

"अश्रद्धाच्या हातात शक्ती चालत नाही!"

"मग माझं पाणी घ्या." वखारीतली छोटी बाटली मी घेऊनच आलो होतो. दगड ओळखायला आमच्या धंद्यात ती लागतेच. एक थेंब टाकला. खडा फसफसला.

शेजारीण घाईघाईनं घरात गेली आणि अंड्याचं कवच घेऊन आली. "यावर टाका बरं." कवचही फसफसलं.

"अगं बाई! कोंबडीसुद्धा आहे म्हणायची!" ती म्हणाली आणि गर्दी खो खो हसली.

"हे फरशी धुवायचं ॲसिड आहे," मी म्हणालो. "पाणी घालून पातळ केलेलं. नाकाला झोंबू नये म्हणून वरून अत्तर. संगमरवरात आणि अंड्याच्या कवचात चुना असतो, त्यावर ॲसिड पडलं की वायू सुटतो. तोच हा आवाज. गारगोटीत चुना नाही, म्हणून ती गप्प. ही पायरीची कड पाहा, कशी खाल्ली गेलीय."

माना पायरीकडे वळल्या, तेवढ्यात बाबा आणि शिष्य फाटकाबाहेर पडले. पाठोपाठ गर्दीही पांगली. चमत्कार संपला की थांबायला कुणाला वेळ असतो?

अंगणात काकू आणि मी उरलो.

"काकू, चूक झाली. उद्या खिडकीखाली संगमरवर टाकून देतो."

"नको, राहू दे. तेवढीच खरं बोलली." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं कानानंच काम केलं हो मी. हा आवाज त्यांचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी चाट पडलो. "मग घर का द्यायला निघालात?"

"नाही म्हटलं असतं तर बाबा यायचा बंद झाला असता. रोज संध्याकाळी सहाला यायचा. 'काकू, जेवलात का?' विचारायचा. मग लाइन चालू ठेवली." त्या खडीकडे बघत राहिल्या. "आता सहाला कोण येणार?"

ॲसिडचं उत्तर माझ्या बाटलीत होतं. याचं नव्हतं. मी ही खडी पसरून गेलो, त्याला तीन महिने झाले होते आणि एकदाही फाटक उघडून आत आलो नव्हतो.

वाचकहो, दगड बोलत नाहीत. कुणी बोलते करून दाखवलेच, तर हात जोडण्याआधी बाटलीत काय आहे ते विचारा. तोच प्रयोग दुसऱ्या दगडावर, दुसऱ्याच्या हातानं करून पाहा. एवढी अक्कल प्रत्येकाकडे असते, ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या गल्लीत कुणाचं घर गप्प आहे तेही बघा आणि बाबाच्या आधी तिथं जा.

दुसऱ्या दिवशी सहाला मी काकूंचं फाटक उघडलं. खडीत पडलेली पानं वेचायला आलोय, असं सांगितलं. पानं चारच होती. आठ वाजेपर्यंत पुरली.