कुजायला तयार नसलेली चड्डी

साठाव्या दिवशी लिओनानं चड्डी उकरून काढली. चड्डीला काहीही झालं नव्हतं. आतल्या पट्टीवरचं 'कोमट पाण्यात धुवा' सुद्धा वाचता येत होतं.

ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागात माती जिवंत आहे की मेली, हे असंच बघतात. अस्सल सुती चड्डी वीतभर खोल पुरायची. दोन महिन्यांनी नुसतं इलॅस्टिक उरलं, तर माती खाती-पिती. ही चड्डी तिच्या वडिलांची, अर्विन नोस्केंची. ठरलं होतं ते असं: कुजली तर पश्चिमेचं रान यापुढेही नांगरायचं नाही, नाही कुजली तर सोमवारी नांगर. आठ वर्षं लिओनानं त्या रानाला फाळ लागू दिला नव्हता.

डिसेंबरात कापलेल्या गव्हाची धसकटं जशीच्या तशी उभी होती. शेणाचे पो वाळून थाळ्यांसारखे पडले होते. तिनं एक थाळी उलटली. खाली बीळ नाही, शेणकिडा नाही. दुसरी उलटली. अकराव्या थाळीला तिला आठवलं, की गाई या रानात सोडताना तिनंच त्यांच्या पाठीवर जंताचं औषध ओतलं होतं. पुढं दर सहा आठवड्यांनी, काळजीपोटी. जंतांबरोबर शेण जमिनीत नेणारे किडेही गेले. शेण वर राहिलं, जमीन टणक झाली, फेब्रुवारीतला पाऊस वरच्यावर वाहून गेला, खालची माती कोरडीच राहिली.

म्हणजे रान निर्दोष होतं. शिक्षा मात्र त्यालाच होणार होती.

कोंबड्यांच्या खुराड्यामागं तिनं सहज म्हणून आणखी एक चड्डी पुरली होती. तिचं इलॅस्टिक तेवढं उरलं होतं. लिओनानं शाबूत चड्डी खिशात कोंबली, घरी जाऊन ते इलॅस्टिक आणलं, खड्ड्यात ठेवलं आणि वर माती ओढली. पाच मिनिटांत अर्विन आले.

त्यांनी माती उकरली, इलॅस्टिक दोन बोटांत धरून उन्हात पाहिलं. मग टोपी काढली.

"गेली बिचारी. चर्चला जाताना घालायची होती."

"हं."

"तोंड का पाडलंयस, पोरी? जिंकलीस तू! हरलो मी. पुढच्या पेरणीला चारही रानं तुझ्याच पद्धतीनं. नांगर विकून टाकू."

"चारही?"

"अगदी तू केलंस तसंच. तूच जिंकणार वाटलं होतं, म्हणून औषधाचे बारा डबे दुकानातून आणूनही ठेवलेत. प्रत्येक गाईच्या पाठीवर."

लिओनाला चारही रानं दिसली, थाळ्या मांडलेली. जेवायला कुणी नाही.

तिनं खिशातून चड्डी काढली.

"डॅड, ती खुराड्यामागची. तुझी ही. किडे औषधानं मेले. मीच मारले."

अर्विननी चड्डी घेतली, उलटसुलट केली, पट्टी वाचली. बराच वेळ वाचली, खरं तर तिथं तीनच शब्द होते.

"म्हणजे मला गंडवत होतीस."

"हो."

"सोमवारी नांगर," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं."

"माहीत आहे. पण औषध नको, डॅड. एक वर्ष तरी. नांगरलेल्या रानातसुद्धा नको."

ते गाडीकडे निघाले. दार उघडून थांबले.

"डबे परत द्यायला तू जायचंस. दुकानदाराला कारणही तूच सांग. मी माझ्या चड्डीची गोष्ट गावात सांगणार नाही."