सात दिवसांत बरं करणारं औषध

रविंद्रनं नऊ वर्षं खपून औषध शोधलं, त्यात एकच दोष निघाला. ते माणसाला सात दिवसांत बरं करायचं.

दोष उघडकीस आला बुटीबोरीच्या कंपनीतल्या बैठकीत. आयसीयूतल्या ज्या जंतूंना आता कशाचीच भीती उरलेली नाही, ते या औषधानं काचेच्या बशीत मरत होते, उंदरांतही मरत होते. माणसांवर चाचणीला कंपनीची मंजुरी तेवढी हवी होती. ती मार्केटिंगच्या चंपतरावांच्या हातात होती.

"पेशंट किती दिवस घेईन हे?"

"सात."

"अन् मंग?"

"मग बरा होतो."

रविंद्रनं गुन्हा कबूल केल्यासारखं चंपतरावांनी पाहिलं. "आपली शुगरची गोळी माणूस तीस वर्षं घेते गा. तुहा पेशंट आठव्या दिवशी ओळख नाही देणार. बरं, डॉक्टर तरी धडाधड लिहून देतीन ना?"

इथे रविंद्र चुकला. खरं बोलला. "लिहूच नये. बाकी सगळी औषधं हरली तरच काढायचं. नाहीतर जंतू यालाही सरावतील."

"म्हणजे आपण बनवाचं अन् त्यायनं कपाटात ठेवाचं?"

"आगीचा बंब असाच ठेवतात, साहेब."

"म्हणून तर आपण बंब नाही बनवत!"

सगळे हसले. हसताना चंपतरावांना खोकला आला. त्यांनी खिशातून अँटिबायोटिकची अर्धी पट्टी काढून एक गोळी गिळली. "दोन घेतल्या का बरं वाटते. बाकीच्या पुढच्या खोकल्याले."

रविंद्रची आई, सिंधूताई, नंदनवनच्या घरी अशाच उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. शेजारणीलाही द्यायची. गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तिची जखम चिघळली आणि एकही औषध लागू पडलं नाही. तिच्या जखमेतला जंतू इतर रुग्णांच्या जंतूंसारखाच रविंद्रच्या प्रयोगशाळेत आला, क्रमांक ४१२. ती गेल्यावर अकरा महिन्यांनी नव्या औषधानं ४१२ ला बशीत मारलं. रविंद्रनं हे बैठकीत सांगितलं नाही. खपाच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

शुक्रवारी आदेश आला. प्रकल्प बंद, फ्रीजर रिकामा करा. जंतू नष्ट करायचं यंत्र म्हणजे मोठा कुकरच. मदतनीस रोशनी जंतूंच्या कुप्यांवरचे क्रमांक वाचून एकेक आत ठेवत होती.

"चारशे अकरा. चारशे बारा."

रविंद्रनं हात पुढे केला. कुपी थोडा वेळ मुठीत धरली.

"सर, हे ठेवाचं काय?"

"औषधच नाही, तर जंतू ठेवून काय करतं वं?" त्यानं कुपी स्वतः आत ठेवली आणि झाकण आवळलं.

वीस मिनिटांनी दाबाचा काटा खाली आला. मग औषधाच्या कुप्या जाळायला पाठवायच्या होत्या. रोशनीनं रजिस्टर उघडलं.

"सर, 'नष्ट करण्याचे कारण' आहे इथं. काय लिहू?"

"लिही," रविंद्र म्हणाला, "रुग्ण बरा होतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.