दोन्या ओलिव्हांचं पुढचं दार

आमच्या टेकडीवरच्या दोन्या ओलिव्हा, म्हणजे ओलिव्हाबाई, नऊ वर्षं मागच्या दारानेच ये-जा करत होत्या. पुढचं दार खिळे ठोकून बंद केलेलं, कारण दाराबाहेर सगळ्या आळीचा उकिरडा. कचऱ्याची गाडी टेकडीखाली घंटी वाजवायची, पण निसरड्या मातीच्या उतारावरून पिशव्या घेऊन खाली कोण मरायला जाणार? मीही तिथेच टाकायचे. खोटं कशाला बोलू!

कुणीतरी तिथे मारियामातेची मूर्ती बसवली. तिच्या पायाशी घाण करायची कुणाची छाती होईल? झाली की! लोक आधी छातीवर क्रूस काढायचे, "माफ कर गं माते," म्हणायचे आणि मग पिशवी भिरकावायचे.

शेवटी ओलिव्हांच्या लेकीने, दोरिसने, आईला खाली शहरात आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. ओलिव्हा माझ्यापाशी रडल्या. "इर्मा, हे घर मी एकेक वीट डोक्यावरून आणून बांधलंय. निघायचंच तर पुढच्या दाराने निघेन." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचे एक पाहणीवाले साहेब नाक दाबून म्हणाले, "तुम्हा लोकांना घाणीचीच सवय."

माझं डोकंच सणकलं. "ही पिशवी घ्या आणि उतरून दाखवा!"

तिसऱ्या पावलाला साहेब बुडावर आपटले.

रविवारी मी उतारावर पायऱ्या बांधायला कोनविते बोलावलं. कुणी सिमेंट आणलं, कुणी कोंबडी, कुणी युकाचे कंद. दिवसभर राबायचं आणि एकाच हंड्यातला सांकोचो रस्सा ओरपायचा, ही आम्हा कोलंबियन लोकांची जुनी रीत. सहा रविवारांत एकशे बारा पायऱ्या झाल्या, कठडा झाला, उकिरडा उपसला, माताही घासूनपुसून लख्ख केली. पिशव्या गाडीपर्यंत जाऊ लागल्या. कुणाला उपदेश करावा लागला नाही.

सातव्या रविवारी दोरिस आली. आम्ही खिळे उपटले. दार करकरत उघडलं. ओलिव्हा खुर्ची घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यापुढे ऐसपैस बसल्या.

"आई, निघायचं ना?"

"निघाले की पुढच्या दाराने! आता इथेच बसणार."

दोरिस डोळे पुसत हसली. मीही आंबा खात हसत होते.

"ए इर्मा! ते सालपट उचल आधी. अंगण आहे माझं!"

चारचौघांत बोलणी खाल्ली, पण सालपट उचलताना माझी मान ताठ होती.