तळहाताखालचा तुकडा

मेमरी वायर ही तार म्हणजे महाहट्टी प्रकरण. पोलादाची, स्प्रिंगसारखी गोल गुंडाळी. ताणा, सरळ करा, सोडली की पुन्हा गोल. म्हणून तिच्या बांगडीला हूक लागत नाही. तीन वेढे तोडायचे, मणी ओवायचे, दोन्ही टोकं पक्कडीने वळवून बंद करायची, झालं. कुणाच्याही मनगटात बसते. आमची मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती पंधरा वर्षं याच बांगड्या करून दुकानात देत आली, आणि तार माझ्यावर गेलीय असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायचे. मग वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी मला जवळजवळ ढकलूनच स्टेजवर चढवलं आणि मी पहिली आले! तेव्हापासून माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो आजतागायत. मावशीने माझं नाव ‘भोंगा’ ठेवलं. शेजारणींना ती कौतुकाने सांगायची, आमच्या घरात रेडिओ लागत नाही, भोंगा आहे.

मावशीचा नियम एकच होता. तार तोडताना डावा तळहात तुटणाऱ्या टोकावर ठेवायचा. ही तार इतकी कडक की तुकडा गोळीसारखा सुटतो.

त्या रविवारी चाळीस बांगड्यांची ऑर्डर होती. मावशी समोर बसून मणी ओवत होती, मी कटरने तारा तोडत होते आणि दुसऱ्या नंबरच्या मुलीचं तोंड बक्षीस जाहीर झाल्यावर कसं झालं ते करून दाखवत होते. हात हलवल्याशिवाय मला बोलताच येत नाही. डावा हात हवेत होता. मावशी मान वर करून माझ्याकडे बघून हसत होती, आणि उजव्या हाताने मी कटर दाबला.

“अगं,” म्हणाली ती आणि उजवा डोळा धरला. बाकी काही नाही. ओरडलीसुद्धा नाही.

तुकडा नखाएवढा होता. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. आई धावतपळत कामावरून आली होती, तीही माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं, पण मावशीच आधी बोलली.

“माझाच हात सुटला.”

आणि वक्तृत्वात पहिली आलेली मी गप्प बसले.

तीन आठवड्यांनी पट्टी निघाली. त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही, आणि कळणारही नाही. एका डोळ्याने सगळं दिसतं असं मला वाटायचं. पण मणी किती लांब आहे तेच कळत नाही. मावशी तारेचं टोक मण्याच्या भोकापाशी नेते आणि ते मण्याच्या बाजूने निघून जातं. पुन्हा नेते, पुन्हा जातं. राहिलेल्या बांगड्या मीच पुऱ्या केल्या.

दुकानात माल द्यायला आम्ही दोघी गेलो. दुकानाच्या मालकीणबाईंनी बांगड्या मोजून घेतल्या, तब्येत विचारली. मावशीने तिथेही हात सुटल्याचंच सांगितलं. मग त्या हळूच म्हणाल्या की पुढचं काम दुसरीकडे देतेय. “हात सुटायला लागला की थांबावं, ताई. उद्या एखादं टोक नीट बंद झालं नाही आणि गिऱ्हाइकाला लागलं तर?”

मावशी हो हो म्हणत पिशवीची घडी घालू लागली. पंधरा वर्षांचं काम चाललं होतं, तेही माझ्या चुकीपायी. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

“मावशीचा हात नाही सुटला,” मी म्हणाले. “तार मी तोडली. बोलण्याच्या नादात हात ठेवायला विसरले.”

मला वाटलं होतं, खरं बोललं की काम परत मिळेल. मालकीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या ढिगाकडे.

“म्हणजे माझा माल शाळेतली पोर बनवते?”

दुकानात ठेवलेला मावशीच्या नमुन्यांचा डबाही त्यांनी आमच्याकडे सरकवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निदान ओळख राहिली असती, तीही गेली.

रस्त्यात मावशी माझा दंड धरून चालत होती, कारण फुटपाथची पायरी तिला नीट कळत नव्हती. मी विचारलं, डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?

“तू आत्ता कुठे बोलायला लागली होतीस,” ती म्हणाली. “पुन्हा मिटली असतीस.”

त्या संध्याकाळी मी आईलाही सांगितलं. आईने मला मारलं नाही, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मारलं असतं तर परवडलं असतं.

उरलेली तार अजून टेबलावर आहे. मावशी रोज बसते. काल तिने तासाभरात सहा मणी ओवले, तितकेच जमिनीवर घरंगळले, ते मी गोळा केले. मग तिने कटर माझ्याकडे दिला.

“तोड. आणि बोल काहीतरी, घर कसं ओस पडलंय.”

मी वर्गातली गंमत सांगायला लागले. ती फारशी गमतीची नव्हती. डावा तळहात टोकावर ठेवला, कटर दाबला. तुकडा तळहातात घुसला. मी बोलत राहिले.