मशीन थांबलं की

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी घरात विशेष काही घडलं नाही. ती बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. दादा आतल्या खोलीत लोकांची घड्याळं दुरुस्त करत होता. मधल्या दाराला कडी नव्हती. दादा पहिल्यांदा मनोरुग्णालयातून परत आला, तेव्हा आईनेच ती काढून टाकली होती.

मशीन चालू असलं की दादाचे हात चालत. मधेच मशीन थांबे, म्हणजे आई कान देतेय. आत काही हाललं नाही, किंवा जरा जास्त हाललं, की ओठांत टाचण्या धरूनच ती दार ढकले. गोळी घेतलीस का? असा का बसलायस? हसलास कशाला? त्या दिवशीही दार धाडकन उघडलं आणि दादाच्या चिमट्यातला स्क्रू उडून पलंगाखाली गेला.

"आई, तुरुंगातसुद्धा भेटायच्या वेळा असतात गं," दादा म्हणाला.

"तिथले पहारेकरी पगारी असतात. मी फुकट राबते."

दोघंही हसले. पण पलंगाखाली वाकून स्क्रू शोधतानाही दादाची नजर दारावरच होती. त्याला जरा मोकळं सोडा, सतत नजर ठेवलीत तर आजार उलटेल, असं डॉक्टरांनी आईला मागेच समजावलं होतं. आईने मुलाकडे बघायचं नाही हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं ती नंतर कितीतरी दिवस पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीनपाशी बसल्या बसल्याच ती गेली.

त्यानंतर दादा कामाला हात लावेना. झोपेना. पलंगावर ताठ बसून दाराकडे बघत राही. मावशी सोबतीला आली होती. ती सारखी दार लोटून डोकवायची आणि बाहेर येऊन, त्याला ऐकू जाईल अशा बेताने, आपली बहीण याच्याच काळजीने झिजली म्हणायची. एका दुपारी तिने ठरवूनच टाकलं, याला परत दाखल करायचं. ती फोन लावायला उठली.

मी तिला थोडं थांब म्हटलं. मशीनमध्ये अडकलेला अर्धा पडदा सोडवायला बसले, तेवढ्यात पाय पॅडलवर पडला आणि मशीन धावलं. आत पलंग करकरला. ड्रॉवर उघडला. मी पाय उचलला. आत एकदम सामसूम. पुन्हा मशीन चालवलं, तर चिमटा काचेवर टेकल्याची बारीक किणकिण.

तेव्हा उमगलं. मशीन थांबलं की दार उघडणार, हे दादाच्या अंगात भिनलं होतं. आणि आई गेल्यापासून मशीन थांबलेलंच होतं, म्हणून तो दार उघडायची वाट बघत ताठ बसून होता.

"बघू तरी काय उद्योग चाललाय," म्हणत मावशी दाराकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं. मग दारावर हलकेच टकटक केलं. या घरात ते कधी कुणी केलं नव्हतं, मीही नाही.

"दादा," मी म्हणाले, "आत येऊ का? नको असेल तर नको म्हण."