छप्पनची विहीर

“आणि याच बावडीवर, साहेब, राजाच्या छप्पन राण्या आंघोळीला यायच्या,” हातातली किटली खाली ठेवत धम्मानंद म्हणाला. पाहुण्यांशी तो असं पुस्तकातलं बोलायचा.

पलीकडे दोर ओढणाऱ्या कौसल्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोराच्या तोंडून हे ऐकायचं, आणि तेही याच विहिरीच्या काठावर!

छप्पन राण्या म्हणे! पारशिवनीकडच्या या आडगावात राजाचं घोडंसुद्धा कधी पाणी प्यायला थांबलं नसेल. विहिरीचं नाव छप्पनची, कारण छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या माणसांनी त्याच हिवाळ्यात ती खणायला घेतली. त्याआधी गावच्या विहिरीपासून लांब ओंजळ धरून बसायचं. कोणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. खाली काळा खडक लागला तरी माणसं हटली नाहीत. कौसल्याबाईंच्या सासूनं, भागरताबाईनं, दगडमातीच्या इतक्या टोपल्या वाहिल्या की टाळूवरचे केस गेले ते पुन्हा उगवलेच नाहीत. नवी सून कौसल्या त्या टाळूला तेल लावायची आणि म्हातारी सांगायची, “हे टक्कल नाही वं, हे माही विहीर होये.”

दोन वर्षांपूर्वी पेंचच्या जंगलाकडे निघालेला कोणी शहाणा इथे थांबला, विहिरीचं नाव विचारून गेला, आणि पर्यटनाच्या एका वेबसाइटवर ‘छप्पन राण्यांची बावडी’ उगवली. छप्पन म्हणजे काय, हे विचारायला त्याला तोंड होतं. पण राणी जास्त गोड लागली असणार. मग जिपा थांबू लागल्या, रस्त्यावर पाटी लागली, गावची पोरंसुद्धा बावडी म्हणू लागली. कौसल्याबाईंच्या सांगण्यावरून त्यांच्या सुनेनं, पायलनं, खरं काय ते लिहून वेबसाइटवाल्यांना पाठवलं. उत्तर आलं, ‘प्रतिसादाबद्दल आभार. आपल्या अनुभवाला किती तारे द्याल?’

“तारे?” कौसल्याबाई म्हणाल्या. “समोर ये म्हणा, दिवसा दाखवीन.”

आयटीआय करून घरी बसलेल्या धम्मानंदनं मात्र विहिरीपाशी चहाची टपरी टाकली. टपरीचं पिंप रोज सकाळी कौसल्याबाईच भरून द्यायच्या. जन्मभर शाळेत खिचडी शिजवून त्यांनी या पोराला वाढवलं होतं. त्याच्यासाठी दोर ओढायला त्यांचे हात कधी कुरकुरले नव्हते.

“एक नंबर चहा! अजून अर्धा द्या,” साहेब म्हणाले. त्यांच्याबरोबरच्या रितिका मॅडमनी मोबाइल वर केला. “आजी, बादली अशीच धरा हं. तुम्ही त्या दासींच्या घराण्यातल्या ना?”

“कोणाच्या?”

“राण्यांच्या दासींच्या. साइटवर आहे ना, हे बघा.”

मोबाइलवर कौसल्याबाईच होत्या, दोर ओढताना. खालची ओळ मॅडमनी हौसेनं वाचून दाखवली, “राण्यांच्या दासींचे वंशज आजही इथे पाणी भरतात.”

कौसल्याबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो खाली मान घालून चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली होती.

“छप्पन राण्या नाही बाई, छप्पन साल होये,” कौसल्याबाई म्हणाल्या. आवाज चढला होता, तो त्यांनी उतरू दिला नाही. “गावच्या विहिरीले आमाले शिवू देत नव्हते. म्हणून माह्या सासूनं, सासऱ्यानं, आमच्या लोकाईनं हे विहीर खंदली. राण्या नाही, दासी नाही. आम्ही खंदली.”

“हो का? किती इंटरेस्टिंग!” मॅडम म्हणाल्या.

साहेबांचा दुसरा कप ओठांपर्यंत गेला होता. तो त्यांनी हळूच, अगदी सभ्यपणे, कठड्यावर ठेवला. “शुगर आहे मला,” ते म्हणाले, आणि जीप निघून गेली.

“पाह्यलं?” धम्मानंद उसळला. “आता समजलं, मी राण्या काहून सांगून राहिलो ते? राणी म्हटली का दुसरा कप मागतात. आपलं सांगतलं का भरलेला ठेवून जातात. मले पोट आहे, माय!”

“अन् दासी? ते कोणी सांगतलं?”

तो किटली उचलू लागला. मग म्हणाला, “फोटोवाल्यानं विचारलं, हे बाई कोण. काहीतरी सांगा लागत होतं.”

“माय होये म्हणून सांगता नाही आलं तुले?”

साहेबाचा राग होताच, पण तसली माणसं कौसल्याबाईंनी उभ्या जन्मात पैशाला पासरी पाहिली होती. त्यांच्यासमोर रडायचं नाही, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. पोरासमोर काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात दुसरी जीप येऊन थांबली. खिडकीतून एकानं डोकं बाहेर काढलं. “छप्पन राण्यांची बावडी हीच ना?”

धम्मानंदनं आईकडे पाहिलं, मग कठड्यावरच्या कपाकडे.

“हो,” तो म्हणाला. “हीच.”

कौसल्याबाईंनी बादली वर घेतली, आपल्या घागरीत ओतली आणि घागर डोक्यावर घेतली.

“माय, पिंप रिकामं आहे,” तो हळू आवाजात म्हणाला.

“राण्याईले माग पाणी.”

त्या चालू लागल्या. मागे गडगडी वाजली. धम्मानंद स्वतः दोर ओढत होता. सवय नव्हती, म्हणून गडगडी अडखळत होती.

“भाऊ, एक मिनिट, असेच थांबा!” जिपेतून उतरलेल्या पाहुण्यानं मोबाइल वर केला होता. “तुम्ही त्या दासींच्याच घराण्यातले ना?”

गडगडी थांबली.

वळणावर कौसल्याबाईही थांबल्या. डोक्यावर भरली घागर होती आणि मान ताठ होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“सांग आता,” त्या पुटपुटल्या.

बादली विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत राहिली.