माझ्या कुंडीतला लव्हाळा

मी एक जुना चीड आहे, मित्रांनो. काळ्या सालीचा पाइन वृक्ष, कुंडीत बोन्साय म्हणून वाढलेला. नावातच चीड आहे, आणि आज ती मी लपवणार नाही.

माझा जन्म जपानमधल्या किनाशी गावच्या रेताड शेतातला. चिझुरु आणि तेइजी या भावंडांच्या वडिलांनी मला तिथून उचलून कुंडीत बसवले. माझी सर्वांत खालची फांदी त्यांनी वर्षानुवर्षे तारेने वाकवली, रुसलेल्या मुलाची समजूत काढावी तशी, हळूहळू. ते गेल्यावर चिझुरुबाईंनी मला सांभाळले. त्यांच्या चिमट्यातून गवताचे एक पातेही सुटत नसे. धाकट्या तेइजीला मात्र त्या मला हात लावू देत नसत. "तू माती चाळ, कुंड्या उचल," एवढेच.

उन्हाळ्याच्या तोंडी चिझुरुबाई ओट्यावरून पडल्या. कंबर मोडली, उजवा हातही मोडला. त्या इस्पितळात गेल्या आणि मी तेइजीच्या हाती आलो.

पानगळीच्या दिवसांत आमच्याकडे कुंडीतल्या झाडांचे प्रदर्शन भरते. मी देखणा दिसावा म्हणून तेइजीने पाटाच्या कडेचे हिरवे शेवाळ खरवडून आणले आणि माझ्या मातीवर अंथरले. शेवाळासोबत लव्हाळा आला. एवढीशी काळी गाठ! तिने माझ्या मुळांमधून धागा सोडला, धाग्यावर दुसरी गाठ धरली, मग तिसरी. पाणी आधी तो प्यायचा, उरले तर मला. पाते वर आले की तेइजी ते कात्रीने कापायचा आणि वर नवे शेवाळ दाबायचा. येणारेजाणारे म्हणत, "काय हिरवागार दिसतोय हो!" गळा आवळला जात असताना कौतुक ऐकणे काय असते, ते मला विचारा. मला ओरडता येत असते तर मी सारे किनाशी गोळा केले असते.

माझ्या आतल्या सुया पिवळ्या पडू लागल्या तेव्हा तो घाबरला. एका दुपारी तो तणनाशकाची बाटली घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याच दुपारी चिझुरुबाई काठी टेकत फाटकातून आत आल्या.

"ती बाटली खाली ठेव."

"ताई? अगं, कळवायचंस तरी, आलो असतो न्यायला."

"खाली ठेव म्हणते ना! एका कुंडीत दोघांची मुळं. विष काय नाव विचारून भिनतं?"

त्यांनी डाव्या हाताने शेवाळाचा कोपरा उचलला. खाली कापलेल्या पात्यांचे दाट खुंट होते.

"तेइजी, तण काढलंस की तणाची दाढी केलीस?"

"रोज कापत होतो मी!"

"म्हणून तर माजलं. गाठ ठेवायची, शेंडा कापायचा, वर मखमल घालायची. बाबांचं झाड जिवंत पुरलंस तू."

तेइजीने बाटली फरशीवर आदळली. "शिकवलंस कधी मला? बाबा गेल्यापासून या झाडाला बोट तरी लावू दिलंस? नुसती हमाली करून घेतलीस. आणि आज मला गाठी दाखवतेस!"

चिझुरुबाई बाकावर टेकल्या. त्यांनी उजव्या हाताची बोटे वळवून पाहिली, ती वळेनात.

"चिमटा घे," त्या म्हणाल्या. "याला कुंडीतून बाहेर काढ."

"आत्ता? माती तर वसंतात बदलतात ना? मरेल हे. आणि प्रदर्शनात नाव दिलंय मी, लोक काय म्हणतील?"

"वसंतापर्यंत याची मुळंच उरायची नाहीत. प्रदर्शनाला कळव, येत नाही म्हणून."

तेइजीने मला बाहेर काढले. बांबूच्या काडीने तो माती मोकळी करू लागला.

"ओढू नकोस, तुटेल. धाग्याच्या मागे मागे जा. हं, आता उचल."

"ही पांढरी बुरशी?"

"राहू दे. ती या चिडाची सोबतीण आहे. तिच्यावाचून जगायचा नाही तो."

एकेक गाठ पत्र्याच्या डब्यात पडत होती. आत ठेवलेले उदोन शेवयांचे वाडगे गार झाले, पण दोघेही उठले नाहीत.

मी जगलो. ती खालची फांदी मात्र वाळली. वसंतात तेइजीने करवत घेतली. "ताई, तू आत जा," म्हणाला. त्या गेल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताने फांदी धरली आणि तो कापत गेला. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिले नाही.

परवा एक पाहुणा म्हणाला, "ही जागा ओकीबोकी दिसते. वरची फांदी खाली ओढा, झाकून जाईल."

"झाकायचं नाही," तेइजी म्हणाला. "दिसू दे."

लव्हाळा अजून उगवतो, आणि तेइजी रोज सकाळी चिमटा घेऊन येतो. माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, लव्हाळ्याला वाढण्याखेरीज काही येत नाही. पण तुम्हाला डोळे आहेत, बोटे आहेत. नुसता शेंडा कापून पाठ फिरवू नका. मातीत बोट खुपसा, गाठ शोधा, आणि ती कशी शोधायची हे धाकट्यांना वेळेवर दाखवा. माझी फांदी आता परत येणार नाही. तुमच्या कुंडीतली अजून हिरवी आहे.